उघड्यावरच्या मैफिली आणि जत्रेसाठी जागा: घाट, शाळा, बाजारतळ की बाजार समिती?

कृष्णाकाठ
मंडळी, सल्ला हवा आहे. नगरपालिकेचं शहर, वस्ती साधारण 40 हजार. जानेवारीत तीन संध्याकाळी शास्त्रीय आणि सुगम संगीत, रोज 1500 श्रोते धरले आहेत. शेवटच्या दिवशी बचत गटांचे 20 स्टॉल, त्यातले 12 खाण्याचे. शिवाय त्याआधी दिवाळी पहाट आहेच. बंद नाट्यगृह 400 खुर्च्यांचं, म्हणून उघड्यावरच करायचं आहे. चार जागा डोळ्यापुढे आहेत.

पहिली, नदीचा घाट. 60 मीटर लांब, 14 पायऱ्या, वर देऊळ. यायला एकच गल्ली, 3 मीटरची.
दुसरी, हायस्कूलचं मैदान. 90 बाय 60 मीटर, काळी माती, फाटकाला कमान. रस्त्यापलीकडे 80 मीटरवर प्रसूतिगृह.
तिसरी, आठवडी बाजारतळ. ओटे बांधलेले, गुरुवारी बाजार.
चौथी, बाजार समितीचं आवार. गावाबाहेर दीड किलोमीटर. काँक्रीटचं पटांगण पूर्व-पश्चिम 110 मीटर, दक्षिणोत्तर 70 मीटर. उत्तरेला आडत्यांचे गाळे, दक्षिणेला लिलावाची मोकळी पत्रा शेड, तिच्यामागे 60 मीटरवर हमाल वसाहत. पूर्वेला शेतं. पश्चिमेला 9 मीटरचं मोठं फाटक.

आमच्या आयोजन समितीतल्या बहुतेकांचा जीव घाटावर आहे. फोटो सुंदर येतात हे खरं. पण निर्णय मोजमाप करून घ्यावा असं वाटतं.

बांबूबल्ली
मोजमाप करताय हे उत्तम. आधी माणसांना किती जागा लागते ते बघा, मग जागा आपोआप गळतात.

खुर्चीची रुंदी 50 सेंमी आणि दोन ओळींत 90 सेंमी धरलं, तर मधल्या वाटांसह माणशी 0.65 चौरस मीटर पडतं. सतरंजीवरच्या बैठकीला 0.5. तुमचे 900 खुर्चीवर आणि 600 बैठकीला धरले तर 885 चौरस मीटर. त्यात 12 बाय 8 मीटरचं स्टेज, स्टेजपुढे 4 मीटर मोकळं, मधोमध साउंडवाल्याच्या मिक्सरला 4 बाय 4, बाजूंना 3-3 मीटरच्या वाटा. थोडक्यात 36 बाय 45 मीटरचा सलग तुकडा हवा. स्टॉल, वाहनतळ, जनरेटर वेगळे.

बाजारतळ इथेच बाद. ओट्यांमध्ये सलग जागा मिळत नाही, आणि अंधारात ओट्याच्या कडेवरून माणसं पडतात. शिवाय मांडव बुधवारी बांधायचा असेल तर गुरुवारचा बाजार कुठे बसवणार?

शाळेच्या फाटकाला कमान आहे म्हणता, तिची उंची मोजा. रुंदी सगळे मोजतात, उंची कोणी मोजत नाही. ट्रस (लाइट टांगायचा लोखंडी सांगाडा) आणि पॅनेल लादलेल्या ट्रकला 4 मीटरपेक्षा जास्त उंची लागते. कमान 3.5 मीटरची असली की सगळा माल रस्त्यावर उतरवून हातावर आत न्यावा लागतो. हमाली दुप्पट होते आणि अर्धा दिवस जातो. अग्निशमनाची गाडी आत येणार नाही हे त्याहून वाईट.

काळ्या मातीचं म्हणाल तर जानेवारीत ती तडकलेली असते, खुर्चीचा पाय भेगेत जातो. अवकाळी एक सर आली की ट्रक रुतला म्हणून समजा. गाडीवाटेवर तरी 10 सेंमी मुरूम टाकून रोलर फिरवावा लागेल, आणि नंतर तो उचलून मैदान खेळण्याजोगं करून द्यावं लागेल. हा खर्च कोणी धरत नाही.

मिक्सरमाऊली
आवाजाबद्दल सविस्तर लिहिते, कारण परवानगी असूनही कार्यक्रम मध्येच थांबतात ते बहुतेक याच्यामुळे.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. ध्वनिक्षेपक लावलेल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेहून 10 ने जास्त किंवा 75, यातला जो कमी असेल तेवढाच चालतो. म्हणजे निवासी भागात हद्दीवर 65. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालयाभोवतीचं 100 मीटरचं शांतता क्षेत्र असेल तर मूळ मर्यादाच दिवसा 50.

आता हिशोब करा. मिक्सरपाशी, म्हणजे स्पीकरपासून 20 मीटरवर, शास्त्रीय गाण्याला 85 डेसिबल पुरतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. 40 मीटरवर 79, 80 मीटरवर 73. तुमचं प्रसूतिगृह बरोबर 80 मीटरवर आहे. स्पीकरचं तोंड तिकडे असेल तर कोणताही साउंडवाला तिथे 60 वर आणू शकणार नाही. स्पीकरची पाठ तिकडे केली तर वरचे आणि मधले सूर 10 ते 15 डेसिबलनी पडतात, पण खर्ज वळसा घालून पोचतोच. तबल्याच्या बायाँची घुमक भिंतीतून ऐकू येते, आणि तक्रार येते ती त्याच आवाजाची.

म्हणून शाळेवर काट मारा. नवजात बाळं आणि बाळंतिणी 80 मीटरवर असताना तीन रात्री मैफल करू नये, परवानगी मिळाली तरी.

घाटाबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्या. थंडीत सूर्य मावळला की पाण्यालगतची हवा गार होते आणि वरची उबदार राहते. अशा हवेत आवाज वर न जाता खाली वाकतो आणि पाण्यावरून लांब जातो. दुपारी साउंड तपासताना पैलतीरी ऐकू न येणारा आवाज रात्री 9 ला तिथे स्पष्ट पोचतो. तपासणी रात्रीच करायची.

कृष्णाकाठ
शाळेबद्दल पटलं. बाजार समितीत आम्ही स्टेज दक्षिणेच्या शेडपुढे, उत्तरेला तोंड करून ठरवलं होतं. म्हणजे वसाहतीकडे स्पीकरची पाठ राहील. बरोबर ना?

मिक्सरमाऊली
वसाहतीच्या दृष्टीने बरोबर, गाण्याच्या दृष्टीने फार वाईट. उत्तरेला गाळे आहेत आणि रात्री त्यांची लोखंडी शटरं ओढलेली असणार. म्हणजे 110 मीटर लांबीची सपाट, कडक भिंत. स्टेजपासून ती 60 मीटरवर पडते. आवाज जाऊन परत यायला 120 मीटर, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. द्रुत तीनतालात एवढ्या वेळात एक मात्रा सरते. गायकाला आपलाच आवाज एक मात्रा उशिरा परत ऐकू येईल, तबलजी वैतागेल, आणि मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेला स्पीकर, वाढवा म्हणून स्टेजवरून खुणा सुरू होतील. मॉनिटर वाढवला की शिट्टी.

स्टेज 90 अंशांत फिरवा. पश्चिमेला ठेवा, तोंड पूर्वेच्या शेतांकडे. आवाज शेतात विरून जाईल, आणि शटरं समोर न राहता बाजूला येतील. बाजूचं परावर्तन मारायला गाळ्यांपुढे एक मीटर अंतर सोडून जाड कनात लावा, दुहेरी चुणीची. शटरला चिकटवून लावली तर उपयोग फार कमी होतो. शेडमध्ये मालाच्या थप्प्या असतील तर त्या तशाच असू द्या, भरलेल्या पोत्यांइतका आवाज शोषणारा पडदा विकत मिळत नाही.

वसाहत आता बाजूला आली, पाठीमागे नाही. म्हणून दोन मोठे स्पीकर जोरात वाजवण्याऐवजी पुढे मध्यम जोडी आणि 25 मीटरवर दुसरी लहान जोडी लावायची. पुढची जोडी 4-5 डेसिबलनी खाली ठेवता येते. मागच्या जोडीला विलंब द्यावा लागतो. आवाजाला मीटरमागे साधारण 2.9 मिलिसेकंद लागतात, म्हणजे 25 मीटरला 73. त्यावर 10 ते 12 वाढवून 85 च्या आसपास ठेवा. मग मागच्यांनाही आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. विलंब दिला नाही तर मागच्या ओळींत प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि लोक म्हणतात साउंड वाईट होता. सबवूफर दोनच, स्टेजच्या मध्यात एकत्र. शास्त्रीयच्या दिवशी तेही बंद ठेवले तरी चालतं.

जुनाकारकून
परवानग्यांचा क्रम चुकला की महिना जातो. सर्वात आधी जागेच्या मालकाचं नाहरकत पत्र, बाकी सगळे अर्ज त्याची प्रत मागतात. बाजार समितीच्या बाबतीत सचिवांकडे अर्ज द्यायचा आणि विषय संचालक मंडळाच्या सभेत यावा लागतो. पुढची सभा कधी आहे ते विचारून अर्ज त्याआधी पोचवा. कार्यक्रमाआधी दोन महिने हे काम झालेलं बरं. ठरावात तारखा, अनामत, सफाई कोणाची आणि वीज कोणत्या मीटरवरून हे चारही मुद्दे लिहून घ्या. तोंडी होकारावर काही करू नका, पदाधिकारी बदलतात.

मग पोलीस ठाण्यात कार्यक्रमाचा आणि ध्वनिक्षेपकाचा अर्ज, नगरपालिकेकडे मंडप आणि सफाईचा, अग्निशमन विभागाची पाहणी, महावितरणची तात्पुरती जोडणी. आवार नगरपालिका हद्दीबाहेर असेल तर ग्रामपंचायतीचं पत्र. सगळ्या अर्जांना एकच नकाशा जोडा, मोजमापं घातलेला. चार कार्यालयांत चार नकाशे गेले की शंका सुरू होतात.

रात्री 10 नंतरचं लक्षात ठेवा. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं आणि जिल्ह्याची यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशात असते. तुमची तारीख यादीत नसेल तर 10 म्हणजे 10. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 पासूनचा, एके काळी रात्र रात्र चालायचा, त्यालाही वेळा बदलाव्या लागल्या आणि पुढे रमणबागेतून मुकुंदनगरला जावं लागलं. मुंबईचं शिवाजी पार्क 2010 मध्ये शांतता क्षेत्र ठरलं, तेव्हा तिथल्या वर्षानुवर्षांच्या कार्यक्रमांनाही फेरविचार करावा लागला. शेवटच्या कलाकाराला 8.30 ला बसवलं तर 9.50 ला भैरवी संपते. सत्कार आणि भाषणं आधी उरका, नाहीतर कात्री लागते ती नेमकी शेवटच्या गायकाला.

भावगीतं आणि चित्रपटगीतं तिकीट लावून गाणार असाल तर सादरीकरणाच्या हक्कांचा परवानाही आधीच काढा.

कृष्णाकाठ
घाटाचा मोह अजून सुटत नाही. तो पूर्णच सोडायचा का?

खाडीकिनारा
सोडू नका, पण मोठ्या कार्यक्रमाला नको. पायऱ्यांवर प्रत्येक पायरीला माणूस बसत नाही, मागच्याचे पाय पुढच्याच्या पाठीत जातात. एकाआड एक पायरी धरा. 14 पायऱ्यांच्या 7 ओळी, 60 मीटरला माणशी अर्धा मीटर, म्हणजे 840. चढउताराच्या वाटा सोडल्या की 750. तुमचे निम्मेच श्रोते झाले.

दुसरं म्हणजे ती गल्ली. सपाट वाटेवरून मीटर रुंदीला मिनिटाला साधारण 80 माणसं जातात, पायऱ्यांवरून 65. 3 मीटरच्या गल्लीतून 750 माणसं तीन-चार मिनिटांत बाहेर पडतील असं कागदावर दिसतं. पण गल्लीत दोन्ही बाजूंना दुचाक्या लागल्या की उरते एक मीटर, आणि तेच लोक जायला दहा मिनिटं लागतात. त्यात उलट दिशेने रुग्णवाहिका यायची असेल तर? वाट एकच, ती अडली की मागे पाणी. एवढ्या एका कारणासाठी तिथे गर्दी जमवू नये.

नदीवर धरण आहे का? असेल तर पाटबंधाऱ्याच्या उपविभागात आवर्तनाच्या तारखा विचारा. पाणी सुटलं की खालच्या पायऱ्या दोन-तीन तासांत बुडू शकतात. समुद्रकाठी हाच प्रश्न भरतीचा असतो. कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे संध्याकाळी 6 च्या सुमारास भरती, पुळणीवर स्टेज नकोच. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी ओहोटी, मोकळी वाळू भरपूर. पण रात्री 10 पर्यंत उधाणाचं पाणी चढत येतं, म्हणून मांडव भरतीरेषेच्या वरच हवा.

मिक्सरमाऊली
घाट दिवाळी पहाटेला वापरा. 300 माणसं, तानपुरे, एक गायक, पेटी-तबला. कलाकार सर्वात खालच्या रुंद टप्प्यावर, श्रोते वर. पायऱ्यांच्या चढामुळे प्रत्येकाला दिसतं आणि आवाज वर चांगला चढतो. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात खोलगट रचनेचा हाच फायदा मिळतो, शेवटच्या माणसालाही आखाडा दिसतो.

मात्र वेळ सांभाळा. ध्वनिक्षेपकाला सकाळी 6 पर्यंत बंदी आहे आणि 15 दिवसांची सूट रात्री 12 पर्यंतचीच असते, पहाटेला लागू होत नाही. 5.30 ला सुरू करायचं तर माइकशिवाय. नाहीतर 6 ला सुरू करा, त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे उजाडताना गाणं मिळतंच.

अनुराधा_नक्षत्र
बाजार समितीच्या फाटकाबद्दल कोणी बोललं नाही. स्टेज पश्चिमेला नेलं, तर एकमेव फाटक स्टेजच्या पाठीशी आलं. काही गडबड झाली तर 1500 माणसं स्टेजच्या दिशेने, म्हणजे वायर, जनरेटर आणि ट्रसच्या दिशेने पळणार. दुसरी वाट हवीच. आवारात भुईकाटा असेल, त्याच्याजवळ बहुधा ट्रक बाहेर काढायचं वेगळं फाटक असतं. बघा.

आणि बायकांची स्वच्छतागृहं. समितीच्या आवारात असतात ती पुरुषांच्या हिशोबाने बांधलेली. तीन तासांच्या कार्यक्रमाला 700 बायका धरल्या तर 10 ते 12 जागा लागतात, त्यातल्या दोन तरी खुर्चीच्या कमोडच्या, ज्येष्ठांसाठी. फिरती स्वच्छतागृहं आणली तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, वाट उजेडात असू द्या, आणि पाण्याचा टँकर त्यांच्याजवळ उभा करा. पिण्याचं पाणी माणशी अर्धा लिटर, म्हणजे 20 लिटरचे 40 जार. खाण्याच्या दिवशी दुप्पट.

बांबूबल्ली
अनुराधाताई म्हणतात ते फाटकाचं सर्वात महत्त्वाचं.

विजेचं लिहितो. साउंड 12 किलोवॉट, एलईडी लाइट 8, मैदानाचा उजेड 5. बेरीज 25. याला 62.5 केव्हीएचा सायलेंट जनरेटर पुरतो, तो 50 किलोवॉट देतो आणि अर्ध्या-पाऊण भारावर नीट चालतो. स्टॉल वेगळ्या लाइनवर, 20 स्टॉलना प्रत्येकी अर्धा किलोवॉट, इंडक्शन शेगडी आणि ओव्हन यांना सक्त मनाई. एकाने लपून इंडक्शन लावली की सगळ्या स्टॉलचा उजेड जातो. साउंड आणि लाइट वेगळ्या फेजवर ठेवा, नाहीतर डिमर हलवला की स्पीकरमध्ये घुंघुं येते. प्रत्येक वितरण पेटीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग. न्यूट्रलचा जोड इलेक्ट्रिशियनकडून समोर घट्ट करून घ्या. न्यूट्रल सुटला की 230 च्या जागी कुठे 300 च्या वर व्होल्ट जातात आणि मिक्सर, अँप्लिफायर एकदमच जळतात.

सायलेंट जनरेटरसुद्धा एक मीटरवर 75 डेसिबलपर्यंत आवाज करतो. 40 मीटर लांब, शेडच्या कोपऱ्याआड ठेवा आणि केबल जाडी त्या अंतराच्या हिशोबाने घ्या. वाटेवरून जाणारी केबल रॅम्पखाली, नुसती चटई टाकून नाही.

डोक्यावरून 11 केव्हीची लाइन जाते का ते दिवसा बघून ठेवा. तिच्याखाली मांडव, ट्रस, काहीही उभं करायचं नाही.

स्टेजची उंची सव्वा मीटरहून जास्त नको. गायक बसलेला असतो, दीड मीटर केलं तर बैठकीतल्यांना फक्त चेहरे दिसतात, तबल्यावरचे हात दिसत नाहीत. स्टेजवर छत हवंच. जानेवारीत 9 नंतर दव पडतं, तबला उतरतो, मिक्सरवर पाणी साचतं. श्रोत्यांवर मांडव नको, पण खुर्च्या रात्री उलट्या करून ठेवा.

जुनाकारकून
हंगाम विसरू नका. जानेवारीत तुरीची आणि कांद्याची आवक असते. शनिवार-रविवार लिलाव बंद असतील तर शुक्रवारी दुपारी पटांगण मोकळं होईल, पण सोमवारी पहाटे 5 ला ट्रक येतात. रविवारी रात्री 10 ला कार्यक्रम संपला की 4 वाजेपर्यंत स्टेज उतरवून, झाडून पटांगण द्यावं लागेल. मंडपवाल्याला रात्रपाळीची माणसं आधीच सांगा. काँक्रीटवर खड्डे पाडता येत नाहीत, म्हणून खांबांना लोखंडी तळपट्टी आणि वाळूची पोती किंवा पाण्याची पिंपं लागतील.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन आवार पुन्हा मोजलं. भुईकाट्याजवळ उत्तर-पूर्व कोपऱ्यात खरंच 5 मीटरचं फाटक आहे, एरवी कुलूपबंद, बाहेर कच्चा रस्ता. तो मुरमाने भरून घेऊ. 11 केव्हीची लाइन फाटकाबाहेरून जाते, पटांगणावरून नाही. शुक्रवारी लिलाव दुपारी 2 ला संपतात.

ठरलेला आराखडा असा. स्टेज पश्चिमेला, मोठ्या फाटकापासून 25 मीटर आत, म्हणजे श्रोत्यांना यायला दोन्ही बाजूंनी 6-6 मीटरच्या वाटा राहतात. शेवटच्या दिवशीचे स्टॉल पूर्वेच्या कडेला, खाण्याचे शेतांच्या बाजूला, सिलिंडर मागे उघड्यावर, स्टॉलमागे एकच. वाहनतळ मोठ्या फाटकाबाहेर सरकारी गायरानावर, ग्रामपंचायतीच्या पत्राने. 350 दुचाकींना 900 आणि 60 मोटारींना 1500 चौरस मीटर धरलं आहे. हमाल वसाहतीत जाऊन बोलणी झाली. पहाटे कामावर जाणारे लोक आहेत, त्यांनी 10 ला बंद करण्याचा शब्द मागितला आणि आम्ही दिला. वसाहतीतल्या कुटुंबांसाठी तिन्ही दिवस 100 जागा राखीव. दिवाळी पहाट घाटावर, सकाळी 6 ला, 300 प्रवेशिका.

मिक्सरमाऊली
छान झालं. गुरुवारी रात्री 9 ला दोनच स्पीकर नेऊन तानपुरा आणि तबल्याचं रेकॉर्डिंग वाजवा. एकाने वसाहतीच्या पहिल्या घरापाशी डेसिबल मीटर धरायचा, एकाने मिक्सरवर. तिथे 60 च्या वर गेला तर दक्षिणेकडचा स्पीकर 10 अंश आत वळवा आणि पुन्हा मोजा. जो आकडा ठरेल तो मिक्सरवर चिकटपट्टीने लावा. तीन दिवस साउंडवाले बदलले तरी आकडा बदलता कामा नये.

अनुराधा_नक्षत्र
खुर्च्या यायच्या आधी वाटा चुन्याने आखून घ्या, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी त्यांत जादा खुर्च्या सरकतात. आणि भुईकाट्याच्या फाटकाचं कुलूप 6 ते 10 उघडंच राहू द्या, शेजारी एक माणूस उभा. त्याचं नाव आणि फोन नंबर नकाशावर लिहून पोलीस ठाण्याला द्या.